जुन्या जेट बोटीची खरेदी : तपासणीचे अर्थशास्त्र

जलपर्यटन हा स्वयंरोजगाराचा एक मार्ग म्हणून गेल्या दोन दशकांत देशाच्या अनेक भागांत पुढे आला आहे. मालवण-तारकर्लीचा किनारा असो, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचे मुनावळे असो किंवा म्हैसूरजवळचा वरुणा तलाव असो, जेथे पाणी आणि पर्यटक एकत्र येतात तेथे यांत्रिक बोटींचा व्यवसाय उभा राहू पाहतो. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत म्हैसूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या कबिनी नदीचाही समावेश आहे. या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांना नवी बोट परवडत नाही, म्हणून ते जुन्या बोटीकडे वळतात. ही खरेदी कशी केली जाते, याकडे नियोजनकारांचे आणि बँकांचे लक्ष जितके जावयास हवे तितके गेलेले नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका माजी विद्यार्थ्याचे आहे. तो मूळचा निपाणीकडचा असून नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला स्थायिक झाला. नोकरी सोडून दोन मित्रांसह जलक्रीडेचा व्यवसाय करावा असे त्याने ठरविले. म्हैसूरला पर्यटकांचा तुटवडा नाही. दसरा आणि उन्हाळ्याची सुटी या दोन काळांत शहरातील हॉटेले भरलेली असतात. कोकण किनाऱ्यावरून आलेली, सहा आसनांची, आयात केलेली एक पेट्रोल जेट बोट एका मध्यस्थामार्फत अकरा लाखांना मिळत होती. सात लाखांचे कर्ज तत्त्वतः मंजूर झाले होते आणि उरलेल्या रकमेतील मोठा भाग आईच्या दागिन्यांवर उभा राहणार होता. कर्जाचा प्रकल्प अहवाल पाहून द्यावा, एवढीच त्याची विनंती होती. अहवालात पर्यटकांची संख्या, तिकिटाचा दर, इंधन, मजुरी, व्याज हे सारे व्यवस्थित मांडले होते. बोटीबद्दल मात्र एकच ओळ होती : ‘सुस्थितीतील जुनी बोट.’ कोणी ठरविले, असे विचारता तो म्हणाला, “सर, आम्ही तिघांनी चालवून पाहिली. छान पळते.”

विक्रेत्याला ठाऊक, खरेदीदाराला अज्ञात

जुन्या वस्तूंच्या बाजाराचे जे वैशिष्ट्य आहे, त्यावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली एक छोटा निबंध लिहिला. सदोष जुन्या मोटारीला अमेरिकेत बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून निबंधाच्या शीर्षकात लिंबे आली. (आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधण्याची पद्धत असल्याने वर्गात हा निबंध शिकविताना थोडा गोंधळ होतोच.) याच विषयावरील कार्यासाठी अकेरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. समजा, बाजारात दिसावयास सारख्या असलेल्या बोटींपैकी निम्म्या बारा लाखांच्या योग्यतेच्या आहेत आणि निम्म्या पाच लाखांच्या. फरक ओळखता न येणारा ग्राहक सरासरीने साडेआठ लाखच देऊ करील. या भावात चांगल्या बोटीचा मालक विकावयास तयार होणार नाही, तो बाजारातून बाहेर पडेल. मग उरतात त्या पाच लाखांच्या बोटी. माहितीची ही विषमता मोटारीच्या बाजारात गॅरेजवाले, जुन्या गाड्यांच्या कंपन्या, छापील व संगणकीय भावपत्रके यांमुळे पुष्कळ कमी झाली आहे. जेट बोटीच्या बाबतीत यांतले काहीच उपलब्ध नाही. म्हैसूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात वर्षाकाठी अशा किती बोटी विकल्या जात असतील? तुलनेला दुसरा सौदाच नसतो, त्यामुळे सांगितलेली किंमत हीच बाजारभाव ठरते.

अशा बाजारात खरेदीदाराच्या हाती एकच साधन राहते, ते म्हणजे पैसे देण्यापूर्वी त्रयस्थ तज्ज्ञाकडून केलेली तपासणी. किनाऱ्यावरील एका सागरी सर्वेक्षकास आम्ही म्हैसूरला बोलाविले. त्याचे शुल्क, प्रवास, बोट पाण्यात उतरविण्याचा व काढण्याचा खर्च आणि इंधन मिळून अठ्ठावीस हजार रुपये झाले, म्हणजे मागितलेल्या किमतीच्या सुमारे अडीच टक्के. तिघा भागीदारांना ही रक्कम वाया जाणारी वाटली. मध्यस्थाने तर “आणखी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत” असे सांगितले. तपासणीची मागणी होताच घाई सुरू होणे ही स्वतःच एक माहिती आहे.

यंत्र समजून घेतल्यावाचून तपासणी नाही

जेट बोटीला पंखा बाहेर नसतो. इंजिनाच्या दांड्यावर बसविलेले पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, तळाच्या जाळीतून पाणी आत ओढते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोराने फेकते. त्या झोताच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. झोताचे तोंड वळविले की बोट वळते आणि त्यावर एक बादलीसारखे झाकण उतरविले की झोत पुढच्या दिशेला वळून बोट मागे येते. न्यूझीलंडमधील कँटरबरी भागात मेंढपाळीचा मोठा व्यवसाय करणारे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तेथील उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही यंत्रणा विकसित केली. १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जी मोहीम काढली ती याच प्रकारच्या तीन बोटींतून. उन्हाळ्यात पाणी आटणाऱ्या आपल्या तलावांना ही बोट सोयीची वाटते, त्याचे कारण हेच. तळाखाली फिरते पाते नसल्याने पोहणाऱ्यालाही धोका कमी असतो. मात्र लांब केस, दोरी, सैल कपडे जाळीजवळ ओढले जाऊ शकतात.

या रचनेचे दोन परिणाम खरेदीदाराने ध्यानात घ्यावयास हवेत. पहिला असा की, इंजिनाचा वेग पूर्ण सोडला तर बोट वळत नाही, कारण वळविण्यासाठी झोतच नसतो. नवशिका चालक घाबरून वेग सोडतो आणि बोट समोरच्या अडथळ्याकडे सरळ जाते. दुसरा परिणाम खर्चाचा. उथळ पाण्यात बोट वाळू, खडे आणि जलपर्णी ओढून घेते. इम्पेलर आणि त्याच्या भोवतीचे कडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या अंशात असावी लागते. ती वाढली की पाणी पात्यांच्या कडेने मागे सरकते, इंजिन ओरडते आणि बोट मात्र रेंगाळते. ज्या गुणासाठी बोट विकत घ्यावयाची, त्याच गुणाचा वापर तिला झिजवीत असतो.

जमिनीवरची तपासणी

सर्वेक्षकाने शेडमध्ये येताच प्रथम इंजिनावर हात ठेवला. ते गरम होते. “हे आधी का चालविले?” एवढेच त्याने विचारले आणि सर्वांना जेवणासाठी पाठवून दिले. पूर्ण थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात कसे सुरू होते, धूर किती व कोणत्या रंगाचा निघतो, हे पाहण्यासाठी तो चार तास थांबला. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. नंतर त्याने तेल पाहिले. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब स्वतंत्रपणे मोजला. येथे आकड्यापेक्षा सिलिंडरांतील परस्पर फरक महत्त्वाचा असतो. दहा टक्क्यांहून मोठा फरक आढळला तर इंजिन उघडण्याचा खर्च गृहीत धरावा. या बोटीचे इंजिन त्या कसोटीस उतरले. तासमापकावर केवळ ३१० तास दिसत होते, परंतु आसनांची शिवण, सुकाणूची घासलेली कड आणि झिजलेले स्विच वेगळेच सांगत होते. तासमापक बदलता येतो. आसने, सुकाणू आणि स्विच एकदम बदलावयाचे कोणाच्या लक्षात येत नाही.

बोट किनाऱ्यावरून आलेली असल्याने मिठाचा प्रश्न होता. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या जेट यंत्रणेवर पांढरी भुकटी धरते आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या आतून खाल्ल्या जातात. हा क्षय आपल्यावर ओढून घेण्यासाठी जस्ताचे तुकडे बसविलेले असतात. ते अर्धे झिजलेले असणे चांगले लक्षण होय. ते मुळीच नसतील, तर त्यांच्या वाटची झीज यंत्राने सोसली आहे. येथे एक तुकडा नव्हता आणि दुसरा इतका कोरा होता की तो आठवड्यापूर्वी बसविला असावा.

सर्वाधिक वेळ गेला तो फायबरच्या सांगाड्यावर. कोकणात जुनी लाकडी होडी घेताना अनुभवी सुतार हातोडीच्या आवाजावरून फळीचे आयुष्य सांगतो. येथेही तेच तंत्र वापरले गेले, फक्त हातोडीऐवजी स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ होती. घट्ट भागावर आवाज टणक येतो. थर सुटलेल्या किंवा पाणी मुरलेल्या भागावर तो बद्द येतो. मागच्या भिंतीवर, जेथे जेट यंत्रणा बसविलेली असते, तेथे वीतभर भागात आवाज बद्द होता. तळाला नवा रंग दिलेला होता. विक्रीपूर्वी दिलेला नवा रंग ही सजावट असू शकते, तशीच ती झाकण्याची क्रियाही असू शकते. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा असतील तर तेथे आघात झालेला असतो.

यानंतरची युक्ती प्रस्तुत लेखकास विशेष आवडली, कारण तिला कोणतेही महाग उपकरण लागत नाही. बोटीच्या फरशीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो फोम वर्षानुवर्षे पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सर्वेक्षकाने बोट ट्रेलरसह मालमोटारींच्या वजनकाट्यावर नेली आणि ट्रेलर जीपपासून सोडवून वजन घेतले. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात गेल्यावर रिकाम्या ट्रेलरचे वजन घेतले. इंधन आणि बॅटरी वजा करूनही बोट निर्मात्याच्या पुस्तिकेतील वजनापेक्षा सुमारे दोनशे किलोंनी जड होती. तीन प्रौढ प्रवाशांचे वजन या बोटीत कायमचे बसलेले होते, आणि ते कोणाच्याही प्रवासी क्षमतेच्या हिशेबात नव्हते.

विजेच्या तारांबाबत एक बाब येथे नोंदवितो. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते, ती बाहेर काढण्यासाठी पंखा असतो आणि तेथील स्विच, स्टार्टर हे ठिणगी बाहेर न पडू देणारे असावे लागतात. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी मोटारीच्या दुकानातील स्वस्त स्टार्टर येथे बसविला होता. मोटारीत तो निर्धोक असतो, कारण मोटारीचे इंजिन खालून उघडे असते.

पाण्यावरची तपासणी

चाचणी शहराबाहेरील एका तलावावर, परवानगी घेऊन, सकाळी पर्यटक नसताना झाली. हे स्थळ-काळाचे भान औपचारिक नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जणांचा बळी गेला. चाचणीतील यंत्र केव्हाही दगा देऊ शकते, हे गृहीत धरूनच जागा निवडावयास हवी.

जेटचे एक सोयीचे वैशिष्ट्य असे की, इम्पेलर इंजिनावर टाकत असलेला भार बोटीच्या वेगावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे पूर्ण वेगाला इंजिनाच्या फेऱ्या मोजल्या की निदान जवळजवळ हाती येते. पुस्तिकेतील आकड्यापेक्षा फेऱ्या कमी पडल्या तर इंजिन अशक्त आहे. त्या जास्त भरल्या तर इम्पेलर झिजला आहे किंवा जेट हवा ओढते आहे. या बोटीसाठी मिनिटाला ४,८०० फेऱ्या अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात ५,२०० भरल्या. जाळी साफ करून पुन्हा चाचणी घेतली, आकडा तोच आला. बोटीचा वेग मोबाइलवरील उपग्रह-मापनाने ताशी ४९ किलोमीटर भरला. पुस्तिकेत तो ६२ होता. मुरलेल्या पाण्याच्या वजनाने बोट मंदावते, पण त्यामुळे फेऱ्या वाढत नाहीत. म्हणजे दोष दोन होते आणि ते स्वतंत्र होते. बोट काढल्यावर फिलर गेजने फट मोजली, तेव्हा दुसरा दोषही डोळ्यांनी दिसला. ‘छान पळते’ या तिघांच्या निष्कर्षाची चूक कोठे होती, हे त्यांना तेव्हा उमगले. बोट पळत होती यात शंका नाही, पण ती किती पळावयास हवी होती हे त्यांना माहीत नव्हते.

चालकाच्या मनगटाला बांधावयाची दोरी ओढताच इंजिन बंद पडले पाहिजे, तेही येथेच पाहिले गेले. ते बंद पडले नाही. दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांची होती, पण चालक पाण्यात फेकला गेल्यावर सहा प्रवाशांसह मोकाट सुटणाऱ्या बोटीची किंमत त्यात मोजलेली नाही.

कागद आणि कायदा

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा मागे टाकला. यांत्रिक जहाजांची नोंदणी, ठरावीक काळाने सर्वेक्षण आणि विम्याचे कवच यांची त्यात तरतूद असून एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते. खरेदीदाराने नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून पाहावा, आयात बोटीचे बिल ऑफ एन्ट्री मागावे आणि एखाद्या बँकेचा बोजा शिल्लक नाही ना याची लेखी खात्री करावी. या बोटीचे इंजिन मध्यंतरी बदललेले होते, नोंद जुन्याच इंजिनाची होती.

सर्वेक्षण प्रमाणपत्र असले की तपासणीची गरज नाही, असा मध्यस्थाचा दावा होता आणि बँकेच्या अधिकाऱ्यासही तो पटला होता. येथे एक मूलभूत गफलत आहे. वैधानिक प्रमाणपत्र त्या दिवशी बोट चालविण्यास योग्य होती एवढेच सांगते. तिचे किती आयुष्य उरले आहे आणि तिचे मोल काय, हा त्याचा विषयच नाही. बँकेचा मूल्यनिर्धारक तर बहुधा बीजकावरील रकमेवरून घसारा वजा करतो. बोट त्याने पाहिलेली नसते आणि पाहिली तरी शेडमध्ये पाहिलेली असते. माझ्या मते पाच लाखांवरील अशा प्रत्येक कर्जास खरेदीपूर्व तपासणीचा अहवाल ही अट असावी आणि सर्वेक्षकाची नेमणूक बँकेने करावी, विक्रेत्याने किंवा मध्यस्थाने नव्हे.

हा केवळ कर्जदार आणि बँक यांच्यातील प्रश्न नाही. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून बावीस जण मरण पावले. ती मुळात मासेमारीची बोट होती, बदल करून पर्यटनासाठी वापरली जात होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. तिकीट काढणारा प्रवासी बोट ठोकून पाहू शकत नाही, तिचे वजन करू शकत नाही. मालकाने खरेदीच्या वेळी न केलेल्या तपासणीची किंमत तोच मोजतो.

सौद्याचा शेवट

सर्वेक्षकाचा अहवाल अकरा पानांचा होता. इम्पेलर व कडे बदलणे, मागची भिंत उघडून पुन्हा बांधणे, फोम काढून नवा भरणे आणि विजेची दुरुस्ती यांचा अंदाज तीन लाख वीस हजारांचा निघाला. त्याहून मोठी बाब कालावधीची होती. सुटे भाग परदेशातून येण्यास व काम होण्यास दोन महिने लागणार होते. ही चर्चा फेब्रुवारीच्या अखेरीस चालली होती, म्हणजे कर्जाचे हप्ते सुरू होणार आणि एप्रिल-मेचा हंगाम निम्मा हातचा जाणार. प्रकल्प अहवालात पहिल्या वर्षीच्या उत्पन्नाचा चाळीस टक्के भाग याच दोन महिन्यांचा धरलेला होता.

अहवाल पुढे ठेवून त्याने सात लाख देऊ केले. मध्यस्थ नऊपर्यंत आला आणि तेथे थांबला. दागिने घरीच राहिले. तिघे भागीदार सध्या वल्ह्याच्या व पायडलच्या बोटी भाड्याने घेऊन काम करीत आहेत आणि दुसऱ्या एका बोटीच्या मालकाने तपासणीस आपणहून संमती दिली आहे.

ती पहिली बोट महिनाभरात विकली गेली, असे नंतर कळले. कोणत्या तलावावर गेली हे समजले नाही. अहवालाची अकरा पाने माझ्या विद्यार्थ्याच्या कपाटात आहेत. नव्या मालकास ती मिळण्याचा कोणताही मार्ग आजच्या व्यवस्थेत नाही. २०२१ च्या अधिनियमात जहाजांच्या नोंदींसाठी मध्यवर्ती इलेक्ट्रॉनिक नोंदकोशाची तरतूद आहे. खरेदीपूर्व तपासणीचे अहवाल सर्वेक्षकाने त्याच नोंदकोशात, बोटीच्या नोंदणी क्रमांकासमोर जमा करावेत असा नियम झाला, तर अठ्ठावीस हजारांत विकत घेतलेली माहिती पुढच्या खरेदीदारालाही वाचता येईल आणि त्या तलावावर तिकीट देणाऱ्या अधिकाऱ्यालाही.